उर्बेनचा घटस्फोट

१६ एप्रिल १९९६

झेर्मेनने आज तोंडावरच सांगितलं. "ओदिल, तू त्या बुजगावण्याशी बोलतेस ते माझ्या गुत्त्यात ऐकू येतं. गिऱ्हाइकं बिअर पिता पिता थांबतात. इतकं मनात साठत असेल तर वहीत लिही. वही निदान शेजाऱ्यांना ऐकू जात नाही."

म्हणून ही वही. मठाच्या शाळेत सिस्टर फिलोमेन आम्हा मुलींना झोपण्याआधी दिवसभराचं वागणं मनाशी तपासायला लावायच्या. तेव्हाही माझं तपासणं इतर मुलींपेक्षा लांबायचं आणि शेवटी सिस्टर म्हणायच्या, "पुरे ओदिल, देवालाही झोपायचंय."

पहिल्याच पानावर एक गोष्ट नोंदवून ठेवते. उर्बेन बुजगावणं नाही. बुजगावण्याचा बाप्तिस्मा होत नाही. उर्बेनचा झालेला आहे, बिअरने का होईना. आसपासच्या प्रत्येक गावाचा जसा आपापला थोरला असतो, जत्रेत नाचवायचा अवाढव्य पुतळा, तसा हा आमच्या वारबेकचा थोरला. वेताचं अंग, लाकडी डोकं, उंची दुमजली. अंगात जकात अधिकाऱ्याचा निळा कोट, आणि घोड्याच्या केसांची मिशी, जी मी स्वतः मेणदोऱ्याने टाचली आहे. जत्रेच्या दिवशी बेकरीवाला बाझिल त्याच्या पोटात शिरतो, त्याला खांद्यावर उचलतो आणि नाचवतो. एरवी वर्षभर उर्बेन माझ्या शेजारच्या जकात चौकीत उभा असतो. तीन वर्षांपूर्वी सरहद्द उघडली, चौकी बंद झाली, साहेबलोक गेले. मागे उरलो आम्ही दोघं, उर्बेन आणि एका जकात अधिकाऱ्याची विधवा.

त्याच्याशी मी असं काय बोलते? हवापाणी. चिकोरीचे भाव. फार तर गुडघ्यांचं.

१९ एप्रिल

नगराध्यक्ष ल्युदोविक घरी आले. वय अडतीस, शहरात वाढलेले. बोलताना हात असे फिरवतात की समोर नकाशा पसरला आहे असं वाटावं.

"मादाम, आनंदाची बातमी! उर्बेनचं लग्न ठरलंय."

"कोणाशी?"

"बंदराच्या शहराने नवी थोरली घडवलीये. ओसेआन नाव. आणि लग्नानंतर दोघं तिकडेच राहतील. त्यांनी काचेचं मोठं दालन बांधलंय, आत हवा थंड, गरम, हवी तशी. आपल्या चौकीला ओल आहे मादाम. जरा त्याच्या तब्येतीचा विचार करा."

"म्हणजे तो घरजावई होणार."

"म्हणजे तो टिकणार. आणि चौकी पाडली की आपल्याला गाड्या लावायला जागा होईल."

लग्नाचा कोट मीच शिवायचा आहे. मी लगेच हो म्हटलं. फारच चांगली गोष्ट आहे. पोराचं भलं व्हावं, त्याला कोरडं घर मिळावं, याहून माणसाला काय हवं? मला खरोखर आनंद झाला आहे.

साखरेचा टार्ट आज करपला. भट्टीत काही बिघाड असावा.

२८ एप्रिल

उर्बेनची मापं घेतली. पोट तेवढंच आहे, खांदे थोडे उतरलेत. मी शिडीवर उभी राहून त्याला लग्नाचं सांगितलं. तो काही बोलला नाही. लाजला असेल.

झेर्मेन खालून ओरडली, "आधी विचारून घे त्याला, सासरी भांडी घासावी लागतात का!" ही बाई गावात सगळ्यांच्या जिभेवर बिअर ओतते आणि स्वतःच्या जिभेवर मोहरी.

५ मे

नवरीमुलगी पाहून आले. ल्युदोविकनी गाडीतून नेलं. ओसेआन गुळगुळीत आहे. निळी, चकचकीत, कमरेखाली माशासारखी. फायबरग्लासची आहे, तिला पाऊसही लागत नाही आणि कसरही. आत चाकं आहेत, तिला उचलावं लागत नाही, ढकलायचं.

"कशी वाटली?" तिकडच्या बाईंनी काळा चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

परतताना गाडीत ल्युदोविक उत्साहाने बोलत होते आणि मी विचार करत होते, हिचा परकर कुठे शिवायचा? हिला परकरच नाही. सुईला जागाच नाही कुठे हिच्या अंगावर.

९ जून, रविवार

सगळं नीट लिहिते.

थोरल्याच्या लग्नाची दवंडी पुलाच्या मधोमध द्यायची, म्हणजे दोन्ही देशांत ऐकू जाते. ही रीत नगराध्यक्षांना मीच सांगितली होती. दवंडी झाली की कोणीतरी गमतीने हरकत घ्यायची, हीसुद्धा रीतच. त्याप्रमाणे खाटीक ओरडला, "नवरदेव आंघोळ करत नाही!" सगळे हसले. बाझिल ओरडला, "मी त्याच्या पोटात राहून आलोय, आत रिकामा आहे!" पुन्हा हसले.

मग पुलाच्या पलीकडच्या टोकाकडून आवाज आला, "माझी हरकत आहे."

एक उंच, जरासा वाकलेला म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता. "नवरदेवाची पहिली बायको माझ्या कोठारात उभी आहे. धडधाकट आहे. पंचेचाळीस वर्षं वाट बघतेय."

लोक हसून लोळले. हा मात्र हसला नाही. काळ्या चष्म्याच्या बाई ल्युदोविककडे वळल्या. "हे खरं आहे?"

"छे छे! गंमत. ही आमच्याकडची..."

"गंमत कसली?" झेर्मेन गरजली. "चांगलं वाजतगाजत लागलेलं लग्न! मी त्या लग्नात इतकी प्यायले होते की पुढच्या रविवारी शुद्धीवर आले."

"मादाम ओदिल," ल्युदोविक माझ्याकडे वळले, "तुम्हाला माहीत होतं?"

"गावात सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "पण ते लग्न एकाच संध्याकाळचं होतं. धरायचं की नाही, कोणी ठरवलंच नाही."

बंदरवाल्यांनी सांगितलं की लग्न झालेला नवरा आम्हाला नको. आधी मोकळा करून द्या.

तो म्हातारा देझिरे होता. मी लगेच ओळखलं नाही. मला त्याचा चेहरा आठवतही नव्हता. डाव्या भुवईवर व्रण, आणि हसण्याआधी डोळे बारीक व्हायचे, एवढंच काय ते लक्षात होतं.

१० जून

ल्युदोविकनी सकाळीच येऊन सगळी हकीकत विचारली. त्यांना सांगितली तीच इथे लिहिते.

१९५१ साल. आमचा थोरला जकात अधिकारी, आणि पुलापलीकडच्यांची थोरली मेलानी, चोरट्या मालाची वाहतूक करणारी बाई. ज्याला ज्याचा अभिमान! दोन्ही गावांनी ठरवलं, यांचं लग्न लावून टाकू. मठातल्या शिवणाचा हात म्हणून नवरीचे सहा परकर मला शिवायला दिले. मी एकोणीस वर्षांची होते. मेलानीच्या आत शिरून तिला नाचवणारा मुलगा होता देझिरे. मापं घ्यायला, परकर चढवून बघायला, पुन्हा उतरवायला मी बरेचदा पलीकडे गेले होते. परकर सहा असल्यामुळे वेळ लागायचा.

लग्न लागलं, नाच सुरू झाला आणि नवरीच्या अंगाला तंबाखूचा वास यायला लागला. नवाच नेमलेला एक तरुण अधिकारी पुढे आला, नवरीला सलाम ठोकला आणि म्हणाला, "मादाम, काही जाहीर करायचंय?" नवरी गप्प. त्याने परकर वर केले. आत वेताच्या काड्यांना तंबाखूच्या पुड्या द्राक्षांसारख्या लटकलेल्या! देझिरे खालून सुटला, ओढ्यात उडी मारली आणि चार हात मारून आपल्या देशात पोचला. नवरी बिचारी पुलावर एकटी उभी. अंधार पडल्यावर तिकडचे लोक येऊन तिला ओढत घेऊन गेले. त्यानंतर ती कधी आली नाही, आणि तिकडच्यांनी आमच्या जत्रेत पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो अधिकारी शिंपिणीची चौकशी करायला आला. इतक्या सभ्यपणे चौकशी करायचा की ती पुढच्या ईस्टरपर्यंत चालली, आणि ईस्टरनंतर मी त्याच्याशी लग्न केलं. आन्सेल्म चांगला माणूस होता. संध्याकाळी कामावरून आला की दारातच टोपी काढून विचारायचा, "मादाम, काही जाहीर करायचंय?" जन्मभरात त्याने केलेला हा एकच विनोद. मी म्हणायचे, "काही नाही." मग आम्ही सूप प्यायचो. तो जाऊन नऊ वर्षं झाली. अजून संध्याकाळी सूप उकळलं की मी दाराकडे बघते.

"म्हणजे बायको पंचेचाळीस वर्षं नांदली नाही," ल्युदोविक म्हणाले. "एव्हाना ती सडलीही असेल. मादाम, तुम्ही जाऊन बघा आणि ती संपली आहे असं सांगा. विधुराला दुसरं लग्न करता येतं."

जावं लागणार. गावाचं काम आहे. निळा स्कार्फ बांधावा की राखाडी?

१६ जून

निळा बांधला होता. राखाडीवर डाग दिसला.

देझिरेचं कोठार पूर्वी चिकोरी वाळवायचं होतं, अजून भाजल्यासारखा वास येतो. मेलानी उजेडात उभी होती. उंदरांनी डावा कान खाल्लाय. बाकी काय सांगू! सहाच्या सहा परकर पांढरेशुभ्र, खळ घातलेले, चुण्या जशा मी घातल्या होत्या तशाच. मधे लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या.

"हे कोण करतं?" मी विचारलं.

"मीच. दर वसंतात उतरवतो, धुतो, खळ घालतो. पहिल्या वर्षी खळ जास्त झाली, परकर दाराला टेकवून उभे केले होते. मग जमायला लागलं."

"बायको हसत नाही का?"

"केली कुठे? हिला एकटीला टाकून मी कुठे जाणार होतो?"

एकटा माणूस दर वर्षी सहा परकर धुऊन इस्त्री का करत बसतो, कोण जाणे. पलीकडची माणसं मुळातच टापटिपीची. मी त्याला म्हटलंही तसं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो. आम्ही टापटिपीचे."

त्याने कॉफी दिली. चांगली होती. आन्सेल्म घरात पलीकडची कॉफी येऊ देत नसे, म्हणून मी ती प्यायलेच नव्हते इतकी वर्षं.

ल्युदोविकना सांगितलं : मेलानीची प्रकृती उत्तम आहे. एक कान सोडून. ते म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" मी म्हटलं, "मी शिवणाच्या बाजूची."

२३ जून

देझिरे पुलावरून आला होता. मेलानीच्या एका बटणाचं विचारायला. काळं लावू की तपकिरी? एवढ्यासाठी इतक्या लांब! काळं म्हटलं.

२६ जून

पुन्हा आला. काळं बटण त्याच्याकडे नाही. मी दिलं.

३० जून

बटण बसवलं पण दोरा तुटला. माझा दोरा घेऊन गेला. एवढा शेतकरी माणूस, आणि घरात धड दोरा नाही. झेर्मेन काउंटरमागून म्हणाली, "आता सुई मागायला येईल बघ. मग बोट दाखवायला." मी म्हटलं, त्यात हसण्यासारखं काय आहे? सुई असेलच त्याच्याकडे.

३ जुलै

सुई नव्हती.

७ जुलै, रविवार

झेर्मेनच्या गुत्त्यात आज न्यायनिवाडा झाला. एका बाजूला ल्युदोविक आणि काळा चष्मा, दुसऱ्या बाजूला देझिरे, मधे फादर ओनोरे आणि सगळं गाव बिअर घेऊन.

ल्युदोविकनी आधी फादरना विचारलं, हे लग्न रद्द करता येईल का. फादर म्हणाले, "बाप्तिस्मा बिअरचा आहे. चर्चच्या हद्दीत येत नाही. मी इथे फक्त चीज खायला आलोय."

"मग नगरपालिकेत घटस्फोट नोंदवू!"

"नवरा अलीकडचा, बायको पलीकडची," खाटीक म्हणाला. "कोणत्या नगरपालिकेत?"

तेव्हा झेर्मेनने बिअरचा ग्लास आपटला. "अरे, घोडं कुठे पेंड खातंय! पुलावर झालेलं पुलावरच मोडायचं. माझी आजी सांगायची. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. पाठ फिरवायची. आपापल्या देशात चालतं व्हायचं. संपलं. आणि पाठ न फिरवता एकमेकांपुढे वाकले, तर लग्न कायम. मग पोपने सांगितलं तरी मोडत नाही."

"दोन मिनिटांचं काम!" ल्युदोविक खूश झाले. "मंजूर?"

सगळे देझिरेकडे बघायला लागले. त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. "मंजूर. पण मेलानीला मीच उचलणार."

"दादा, वय काय तुमचं?" बाझिलने विचारलं.

"वय तिचंही झालंय. ती कुठे तक्रार करते?"

"आणि तुम्हाला वाट कोण सांगणार? आतून तर काही दिसत नाही."

खरं आहे. उर्बेनला दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामधे एक फट आहे, तेवढ्यातून बाझिलला जेमतेम रस्त्याचे दगड दिसतात. म्हणून आन्सेल्म गेल्यापासून पुढे मी चालते आणि सांगते : वळा, चला, खड्डा आहे.

"आमच्याकडे सांगणारं कोणी उरलं नाही," देझिरे म्हणाला. "उर्बेनला ज्या सांगतात त्यांचाच आवाज आम्हालाही पुरेल."

म्हणजे दोघांनाही मीच सांगायचं. १८ ऑगस्ट ठरली. मी फक्त दोन शब्द बोलायचे आहेत : वळा, आणि चला. इतकं तर मला येईल.

काळ्या चष्म्याच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "मादाम, तुम्ही त्याला आमच्याकडे भेटायला येत जा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी प्रवेश मोफत असतो."

बाई फार चांगल्या आहेत. घरी येऊन मी तिकडे जाणारी बस कधी असते ते बघितलं. मंगळवारी नसते.

२१ जुलै

लग्नाचा कोट पूर्ण झाला. निळी लोकरी बनात, पितळी बटणं. उर्बेन त्यात असा दिसतो की चौकीतून बाहेर पडावं आणि सगळ्यांची झडती घ्यावी. मी शिडीवरून उतरले आणि बराच वेळ खालच्या पायरीवर बसून राहिले. गुडघे दुखत होते.

मिशी मात्र पुन्हा टाचावी लागली. सिस्टर फिलोमेनचा टाका घातला, मेणदोरा दुहेरी, गाठीवर गाठ. त्या म्हणायच्या, "मुलींनो, टाका असा घाला की कापड फाटेल पण टाका सुटणार नाही."

३० जुलै

देझिरेने सरावासाठी मेलानीला पुलापर्यंत आणलं. वर मेलानी आणि खाली त्याचे पाय, बूट पॉलिश केलेले. मी "वळा" म्हटलं की वळतो, "चला" म्हटलं की मात्र उभाच राहतो.

"ऐकू येत नाही का तुम्हाला?" मी परकराला विचारलं.

"येतं," परकर म्हणाला. "पण हा शब्द जरा कमी येतो."

वय झालं की कानांचं असंच होतं. आन्सेल्मलाही शेवटी माझी काही वाक्यं ऐकू येत नसत.

१७ ऑगस्ट

चर्चमध्ये मेणबत्ती लावली. उद्या सगळं नीट पार पडू दे असं मागितलं. नीट म्हणजे कसं, ते मात्र देवाला सांगायला विसरले. त्याचं तो बघेल.

मग चौकीत जाऊन उर्बेनला निरोपाचं काय काय सांगायचं ठरवलं होतं. त्याच्या कोटावरचा धागा काढला आणि घरी आले.

१८ ऑगस्ट, रविवार

जसं घडलं तसं लिहिते. माझी बाजू घेणार नाही.

पुलावर दोन्ही गावं होती. पलीकडची माणसं इतक्या वर्षांनी आमच्या वाद्यांसमोर उभी होती आणि आपला बटाट्याच्या चिपांचा ठेला घेऊन आली होती. काळ्या चष्म्याच्या बाईंनी उर्बेनला न्यायला ट्रक आणला होता, त्यात गाद्या अंथरल्या होत्या. वर्तमानपत्राचा एक माणूस कठड्यावर चढला होता.

उर्बेन आणि मेलानी समोरासमोर उभे राहिले. मी दोघांच्या मधे, बाजूला. मेलानीला देझिरेने नवा कान बसवला होता, थोडा मोठा.

मी म्हटलं, "वळा." दोघं वळले. पाठीला पाठ. एक बाई पलीकडे नाक पुसत होती.

आता मला एकच शब्द म्हणायचा होता. चला. हा शब्द मी आंघोळ करताना म्हटला होता, बटाटे सोलताना म्हटला होता. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मेलानीच्या आतून आवाज आला, हळू, पण मला ऐकू आला. "ओदिल, सांग. तू म्हणशील तसं."

गडबडीत माणूस अरेतुरे करतो.

आणि माझ्या तोंडून निघालं, "वळा."

मला "चला"च म्हणायचं होतं. पण "वळा" निघालं आणि चांगलं मोठ्याने निघालं. दोघं वळले. पुन्हा समोरासमोर. बाझिल आतून ओरडला, "आता काय, मादाम?" आणि मला ऐकू यावं म्हणून तो पुढे वाकला, त्याच्याबरोबर उर्बेनही वाकला. तेवढ्यात मेलानीही वाकली. का वाकली ते देवाला ठाऊक. देझिरेची कंबर दुखत असावी. दोन लाकडी डोकी एकमेकांवर आपटली, उर्बेनची मिशी मेलानीच्या डोक्यावरच्या फणीत अडकली, आणि दोघं तशीच राहिली.

जो काही गलका झाला! वाद्यवाल्यांनी लग्नाची धून सुरू केली. झेर्मेन दोन्ही देशांत ऐकू जाईल अशी ओरडली, "वाकले! दोघंही वाकले! लग्न कायम!"

"नाही नाही!" ल्युदोविक धावत आले. "ही चूक आहे! सोडवा त्यांना! परत करू!"

चौघांनी ओढून पाहिलं. सिस्टर फिलोमेनचा टाका. घोड्याचे केस ताणले, फणी कुरकुरली, मिशी काही सुटेना.

"कात्री! कोणाकडे कात्री आहे का? मादाम, तुम्ही शिंपीण! तुमची कात्री?"

"विसरले," मी म्हटलं.

कात्री माझ्या खिशात होती. चाळीस वर्षांत मी कात्रीशिवाय घराबाहेर पडलेले नाही. फादर ओनोरे माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं, खिशातून वर आलेल्या कात्रीच्या मुठींकडे पाहिलं आणि आकाशाकडे बघत म्हणाले, "काय सुंदर हवा आहे." शनिवारी पापनिवेदनाला जाईन तेव्हा हेच असतील, हे एक बरं आहे.

मग ल्युदोविक चिपांच्या ठेल्यावर कात्री मागायला गेले. पलीकडच्या ठेलेवाल्याने त्यांना चिमटा दिला.

शेवटी ट्रक रिकामा गेला. काळ्या चष्म्याच्या बाई जाताना म्हणाल्या, "ओसेआनला दुसरा कोणी मिळेल." मिळेलच. चाकं आहेत तिला, ती कुठेही जाऊ शकते.

१९ ऑगस्ट

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो. मिशी आणि फणी. खाली ल्युदोविकचं बोलणं : "दोन गावांना पुन्हा जोडावं ही माझी पहिल्यापासूनच इच्छा होती." सकाळी तेच छातीठोकपणे सांगत गावभर फिरत होते. चौकी पाडायची नाही, असंही त्यांनीच ठरवलं म्हणे. दोन थोरल्यांना जागा लागणार, ओल काढून घेऊ. मी म्हटलं, "उत्तम कल्पना, साहेब." झेर्मेनने बिअर ओतताना इतकी मान हलवली की फेस सांडला.

मिशी मी रात्री चौकीत जाऊन सोडवली. कात्रीशिवाय. एक टाका उसवला की झालं, कुठला ते माहीत पाहिजे.

८ सप्टेंबर, रविवार

जत्रा झाली. दोघं नाचली. उर्बेन आणि मेलानी थंडीत आमच्या चौकीत राहतील आणि वसंतात पलीकडे, परकरांना खळ घालायची वेळ येते तेव्हा. मेलानीला बघायला देझिरे रोज पुलावरून येतो. हल्ली जरा विसराळू झालाय. आज आला, माझ्या स्वयंपाकघरात बसला, साखरेचा टार्ट खाल्ला (करपला नव्हता, भट्टी आपोआप सुधारली), दोन कप कॉफी प्यायला आणि चौकीत न डोकावताच निघाला. मेलानी बिचारी वाट बघत राहिली असेल.

दारात उभा राहून टोपी फिरवत होता. म्हणाला, "एक विचारायचं होतं. पुलावरची ती दवंडी. ती थोरल्यांसाठीच असते, की साधारण उंचीच्या माणसांसाठीही देतात?"

"रीत काय आहे ते बघावं लागेल," मी म्हटलं. "फादरना विचारून सांगते. कोणासाठी हवी आहे?"

"आहे एक जण पलीकडचा," तो म्हणाला. "आणि अलीकडची एक."

"वयात आलेली आहेत ना दोघं?"

"हो," तो म्हणाला. "ते झालंय." आणि डोळे बारीक करून हसला, टोपी घातली आणि गेला.

म्हणून फादरना विचारायचं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. पलीकडे लग्नाच्या वयाचं कोण आहे बरं? ठेलेवाल्याचा मुलगा असेल. पण त्याच्यासाठी देझिरेने टोपी का फिरवावी? आणि अलीकडची कोण, की जिच्यासाठी माणूस दर वर्षी सहा परकर धुऊन

अगं बाई.

मघापासून लेखणी खाली ठेवून बसले होते. सूप उतू गेलं. दाराकडे बघितलं. आन्सेल्म, तू तिथे उभा असतास तर टोपी काढून विचारलं असतंस. जन्मभर मी "काही नाही" म्हणत आले, आणि तेव्हा ते खरंच होतं, तुला फसवलं नाही.

उद्या सकाळी पुलावर जायचं आहे. काहीतरी जाहीर करायचं आहे. निळ्या स्कार्फला इस्त्री करून ठेवते.